गोल्डफिश फुगलाय, खवले उभे राहिलेत: आधी पाणी मोजा, मग औषधाची बाटली उघडा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडते. जुळे सोलापुरात घर, २ फुटी टँक, त्यात ५ गोल्डफिश, त्यातला २ वर्षांचा ओरांडा आठवड्यापासून फुगत चाललाय, परवापासून खवले उभे राहिलेत, खाणं बंद, कोपऱ्यात तळाला बसून असतो. नळाला पाणी आलं नव्हतं म्हणून १० दिवसांपूर्वी सगळा टँक रिकामा करून, दगड आणि फिल्टरचा स्पंज घासून धुऊन, बोअरच्या पाण्याने भरला. मासा फुगल्यावर दुकानातून पिवळी पावडर आणि निळं औषध आणून दोन्ही टाकलं, शेजारच्यांनी वाटाणा द्यायला सांगितला तोही देऊन बघितला, त्याने तोंड लावलं नाही. मुलगी रडायलीय. हे सगळं सविस्तर लिहिलंत ते लै चांगलं केलंत, कारण नुसतं "मासा फुगलाय, औषध सांगा" असं विचारलं असतं तर मला काहीच सांगता आलं नसतं.

मी २२ वर्षं मासे पाळते आणि वाढवते, अशोक चौकाच्या बाजूला सासऱ्यांची जुनी लूमची शेड आहे, माग बंद झाले तेव्हापासून तिथे माझे टँक आणि सिमेंटच्या टाक्या आहेत. फुगलेला मासा दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी डब्यात घालून घेऊन येतंच. पशुवैद्यकाची डिग्री माझ्याकडे नाही, त्यामुळे अँटिबायोटिकच्या बाबतीत मी कुठे थांबते तेही खाली सांगते.

पहिलं म्हणजे फुगणं हा रोग नाही. ताप आला म्हणजे जसा मलेरिया पण असू शकतो आणि टायफॉइड पण, तसंच हे. ड्रॉप्सी ड्रॉप्सी म्हणतात ते आजाराचं नाव नाही, शरीरात पाणी साठलंय एवढंच ते सांगतं. बेदाणे रात्री पाण्यात घातले की सकाळी टम्म होतात ना, गोड्या पाण्यातला मासा जन्मभर त्याच अवस्थेत असतो. त्याच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, त्यामुळे कल्ल्यांमधून आणि कातडीतून पाणी सारखं आत येत राहतं. मासा फुगत नाही कारण त्याची किडनी रात्रंदिवस ते पाणी पातळ लघवी करून बाहेर फेकत असते आणि कल्ले गेलेले क्षार परत ओढून घेत असतात. किडनी, कल्ले, लिव्हर यातलं काहीही बिघडलं की पाणी बाहेर जायचं थांबतं आणि आत यायचं मात्र चालूच राहतं. ते आधी पोटात साठतं, मग खवल्यांच्या खालच्या खाचांमध्ये भरतं आणि खवले उभे राहतात. म्हणजे खवले उभे राहिलेले दिसले तेव्हा आजार सुरू झाला असं नसतं, आतला बिघाड बराच पुढे गेलेला असतो. हे ऐकून वाईट वाटेल पण खोटा धीर देऊन उपयोग नाही.

आता फुगलाय म्हणजे नक्की कसा फुगलाय ते बघायचं, आणि ते बाजूने नाही, वरून. मासा पांढऱ्या टबमध्ये किंवा बादलीत घ्या आणि उभं राहून खाली बघा. खवले उभे असतील तर वरून मासा सीताफळासारखा दिसतो, एकेक डोळा वेगळा. एकदा बघितलं की परत चुकत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा फुगलाय, खवले उभे, डोळे बाहेर आलेले, कल्ले फिक्के, असं असेल तर ते पाणी साठलेलं, आणि तुमच्या वर्णनावरून मला तरी तेच वाटतंय. पण खवले सपाट आहेत, अंगाला चिकटून आहेत आणि फक्त पोट मोठं आहे, तर गोष्ट एकदम वेगळी. तो मासा तरंगत असेल, उलटा होत असेल, पण खायला धावत असेल तर बहुतेक पोट साफ नाही किंवा स्विम ब्लॅडरची, म्हणजे पोहताना तोल सांभाळणाऱ्या आतल्या हवेच्या पिशवीची भानगड आहे, आणि त्याला औषध लागतच नाही. एकाच बाजूला गोळा असेल, दुसरी बाजू नीट असेल, तर गाठ असू शकते किंवा गोल्डफिशमध्ये किडनी मोठी होण्याचा एक परजीवीचा आजार असतो तो, त्याला उपाय नाही, पण गंमत म्हणजे असे मासे कधी कधी तसेच खात-पीत बरेच महिने जगतात, त्यांना उगाच औषधात बुडवून छळू नका.

आणि मादीच्या पोटात अंडी असतील तर? हे मी मुद्दाम सांगते कारण माझ्या हातून एक मासा यात गेलाय. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक रियुकिन (गोल्डफिशचीच एक जात) मादी होती, पांढरी-लाल, डिसेंबर-जानेवारीत तिचं पोट भरायला लागलं, एका बाजूला जरा जास्त. मी घाबरले, कुणी सांगितलं ड्रॉप्सी आहे, मीठ घाला, गोळ्या घाला, मी सगळं घातलं. पाचव्या दिवशी मेली. सासऱ्यांनी ब्लेडने पोट उघडून दाखवलं, आत पिवळसर अंडीच अंडी, किडनी लिव्हर सगळं छान. खवले सपाट होते, ती खात होती, नर तिच्या मागे लागत होता आणि नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर पांढरे बारीक दाणे होते, हे सगळं डोळ्यासमोर असून मला दिसलं नाही. त्या दिवसापासून मी औषधाला हात लावायच्या आधी मासा वरून बघते, आणि मेलेला मासा तासाभरात उघडून बघते. मॉली-गप्पी असतील तर मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूला गडद ठिपका बघा, साधारण ४ आठवड्यांत पिल्लं येतात, ते पोट चौकोनी होत जातं आणि पिल्लं झाली की उतरतं. मॉली-गप्पीच्या शेपटीकडच्या भोकातून लाल बारीक दोरे बाहेर आलेले दिसले तर तो जंत आहे, त्याचं औषध वेगळं.

फ्लॉवरहॉर्न आणि आफ्रिकन सिक्लिड ठेवणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. यांच्यात पोट फुगणं, खाणं सोडणं आणि लांब पांढरी दोऱ्यासारखी शी, हे तिन्ही एकत्र आलं की आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यायचा, त्याला मेट्रोनिडाझोल चालतं आणि मासा खात असेपर्यंतच खाण्यातून दिलं तर जास्त चालतं. मलावी तलावातले म्बुना (हे आफ्रिकन सिक्लिडच) मूळचे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे, त्यांना रोज ब्लडवर्म आणि चिकनचं हार्ट घालणारे लोक मी बघितलेत, मग फुगणार नाही तर काय होणार.

आता तुमच्या टँककडे येते. तुम्ही विचारलंय कुठलं औषध, मी विचारते पाणी कधी मोजलं? बहुतेक कधीच नाही, आणि यात तुमची चूक नाही, मासा विकताना टेस्ट किट घ्या असं कुणी सांगतच नाही. २ फुटी टँकमध्ये साधारण ६० लिटर पाणी, त्यात ५ गोल्डफिश म्हणजे आधीच गर्दी. गोल्डफिश लै घाण करतो. ती घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया, तो कल्ल्यांमधून बाहेर पडतो, आणि टँकमधले चांगले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू राहतात कुठे? फिल्टरच्या स्पंजमध्ये, दगडांवर. तुम्ही दगड आणि स्पंज घासून धुतलात त्या दिवशी ते सगळे गेले. मग वर निळं औषध, ते बहुतेक मिथिलीन ब्लू असणार, त्यानेही हे जिवाणू मरतात. म्हणजे जो काही थोडा संसार परत उभा राहायला लागला होता तोही गेला.

त्यात बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, हंड्याला पांढरा थर धरतो तेच ते, पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, बहुतेक ८ च्या आसपास. यात एक गोष्ट आहे जी कळली की टँकमधल्या निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक फारसा त्रास न देणारा आणि एक विषारी. २५ अंशाला पीएच ७ असेल तर विषारी भाग अर्धा-पाऊण टक्का, पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर, आणि पाणी ३० अंश असेल तर ७ च्या पुढे. किटवर आकडा तोच येतो पण माशाला बसणारा मार दहापट होतो. म्हणून महिनोन्महिने न बदललेल्या, पीएच उतरलेल्या जुन्या पाण्यात मासा दिसायला ठीक असतो आणि एकदम सगळं पाणी बदललं की आठवड्यात पडतो. लोक म्हणतात एवढं स्वच्छ केलं तरी मेला. एकदम स्वच्छ केलं म्हणूनच मेला.

आणि मे महिना. बाहेर ४२-४३, टँकचं पाणी मी बघितलेल्या घरांमध्ये ३२-३३ अंशांपर्यंत जातं. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, त्याला १८ ते २४ बरं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. मासा तिकडे धापा टाकतोय, अंगातली ताकद कमी झाली, आणि एरोमोनास नावाचे जिवाणू जे प्रत्येक टँकमध्ये असतातच, एरवी काही करत नाहीत, त्यांना ऊब मिळते आणि ते दमलेल्या माशात शिरतात. खवले उभे राहिलेल्या बऱ्याच माशांमध्ये हाच प्रकार असतो. म्हणजे जिवाणू खरा, पण त्याला दार आपणच उघडून दिलेलं असतं.

तर आज रात्री काय करायचं.

आजारी मासा बाजूला घ्या. २० लिटर पाणी बसेल असा प्लास्टिकचा टब, साबण न लागलेला, नवाच घेतला तर उत्तम. पाणी त्याच टँकचं निम्मं आणि निम्मं नळाचं साठवलेलं. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो आणि घरोघरी ड्रम भरून ठेवतात, माशांच्या बाबतीत हा फायदाच आहे, उघड्या ड्रममध्ये एक दिवस राहिलेल्या पाण्यातला साधा क्लोरीन उडून जातो. ताजं नळाचं पाणी वापरायची वेळ आली तर अँटिक्लोरीनचे खडे वापरा. टबमध्ये एअरस्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) जोरात चालू ठेवा, पाणी ६-७ इंचांपेक्षा खोल नको, फुगलेल्या माशाला वर यायला कष्ट पडतात. वरून कापड टाका, अंधारात मासा शांत राहतो.

मग एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मेडिकलमध्ये मिळतं. कृषी केंद्रातही मिळतं, आपल्याकडचे द्राक्ष-डाळिंबवाले फवारायला नेतात, पण ते खताच्या दर्जाचं असतं, माशाला मेडिकलचंच घ्या. १० लिटरला सपाट अर्धा चहाचा चमचा, म्हणजे तुमच्या २० लिटरला एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम. ग्लासात वेगळं विरघळवून तासाभरात थोडं थोडं ओतायचं, एकदम नाही. याने पोट मोकळं व्हायला आणि साठलेलं पाणी उतरायला मदत होते. खाण्याचं मीठ मात्र याच टबमध्ये घालू नका. साध्या मिठाचा उपयोग नाही असं नाही, लिटरला १ ग्रॅम मीठ असलं की बाहेरचं आणि आतलं पाणी यातला फरक कमी होतो आणि किडनीचं काम हलकं होतं, पण दोन्ही मिठं एकदम घालून काय लागू पडलं आणि कशाने बिघडलं हे कळत नाही. खवले उभे असतील तर मी एप्समने सुरू करते, हा माझा अनुभव.

रोज निम्मं पाणी बदला आणि जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं एप्सम परत घाला. १० लिटर काढलं तर अर्धा चमचा, पूर्ण एक नाही. इथेच सगळे चुकतात, रोज पूर्ण चमचा घालतात आणि चौथ्या दिवशी मीठ जवळपास दुप्पट झालेलं असतं.

टब गार कसा ठेवायचा? बर्फ थेट पाण्यात टाकू नका. टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते त्यामुळे बाष्पीभवन भरपूर होतं आणि २ ते ४ अंश आरामात उतरतात, कोकणात हे एवढं चालत नाही. लाईट जाते तेव्हा पाण्याच्या छोट्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून झाकण लावून तरंगत ठेवा, एका वेळी एकच, आणि थर्मामीटरवर लक्ष ठेवा, एका तासात २ अंशांपेक्षा जास्त उतरवू नका. बॅटरीवर चालणारा एअर पंप स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवाच.

खायला काही देऊ नका. तीन दिवस तरी नाही. तो खातच नाही म्हणता, तर टाकलेलं फक्त सडेल. मोठा गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. वाटाण्याचं म्हणाल तर तो उपाय खोटा नाही, पण त्याची जागा वेगळी आहे. खवले सपाट, पोट गच्च, मासा खातोय, अशा वेळी २ दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला वाटाणा बारीक कुस्करून, याने माझ्याकडे कितीतरी ओरांडा आणि रांचू सरळ झालेत. किडनी बंद पडलेल्याला वाटाणा देऊन काय होणार. आणि बेट्टाला (फायटर माशाला) वाटाणा देऊ नका बाबांनो, तो मांसाहारी आहे, त्याला डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक कवचवाले जीव द्या, त्याच्या कवचानेच पोट साफ होतं.

आता अँटिबायोटिक. इथे मी हात आखडता घेते. तुम्ही जी पिवळी पावडर टाकली ती कुठली हे पाकिटावर वाचून डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे टेट्रासायक्लिन जातीच्या गोळ्या फोडून टँकमध्ये टाकायची पद्धत आहे आणि सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात ती जवळपास वाया जाते, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या औषधाला धरून ठेवतं, माशापर्यंत ते पोचतच नाही. एन्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या औषधांचंही काही प्रमाणात असंच होतं. आणि एप्सम घातलं म्हणजे मॅग्नेशियम आपण स्वतःच वाढवलं. म्हणून मासा खात असेल तर औषध खाण्यातून द्यायचं, खात नसेल तर इंजेक्शन, आणि हे दोन्ही वजनावर ठरतं, ते पशुवैद्यकांनीच सांगायचं. गुरांच्या डॉक्टरांना मासा दाखवायला लाज वाटून घेऊ नका. मी नेलाय. त्यांनी माशाचं वजन करायला सांगितलं, पुस्तक बघितलं आणि डोस काढून दिला. एखादा मोठा ब्रीडिंग सेट असेल आणि एकामागून एक मासे जात असतील तर उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारून बघा. पण अर्धवट डोस तीन दिवस टाकून बंद करणं हे कधीच करू नका, त्याने मासा वाचत नाही आणि टँकमधले जिवाणू मात्र त्या औषधाला निर्ढावतात.

पाणी मऊ करायला आरओचं वापरू का असं पुष्कळ जण विचारतात. निम्मं आरओ आणि निम्मं बोअर चालेल. पूर्ण आरओ नको, त्यात क्षार जवळपास नसतात, म्हणजे फुगलेल्या माशात पाणी आणखी जोरात घुसणार, आणि पीएच पण टिकत नाही. आणि आरओच्या बाजूच्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते तर मुळीच नको, फरशी पुसायला ठीक आहे, त्यात बोअरचेच सगळे क्षार आणखी घट्ट झालेले असतात.

उरलेल्या चार माशांकडे आता बघा, खरं तर जास्त लक्ष तिकडेच द्यायला हवं. लिक्विड टेस्ट किट आणा, पट्ट्या नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, नायट्रेट ४० च्या खाली. मला खात्री आहे पहिले दोन शून्य येणार नाहीत. मग रोज पाव टँक पाणी बदला, साठवलेल्या नळाच्या पाण्याने, तापमान हाताला सारखं लागेल असं करून. नायट्राइट दिसलं तर या टँकमध्ये खडे मीठ लिटरला १ ग्रॅम घाला, म्हणजे ६० लिटरला ६० ग्रॅम, मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरायला अडतं. हे मीठही बदललेल्या पाण्यापुरतंच परत घालायचं. खाणं दिवसाआड आणि चिमूटभर. निळं औषध काढायला कार्बनची पिशवी दोन दिवस फिल्टरमध्ये लावा. ओळखीच्या कुणाचा निरोगी चालता टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, विरजण लावतो तसंच आहे हे, महिन्याचं काम आठवड्यावर येतं. फक्त तो टँक आजारी नसावा. इथून पुढे स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, दोनदा पिळून, नळाखाली नाही.

तरंगणाऱ्या दाण्यांबद्दल एक. ओरांडा, रांचू, रियुकिन यांचं अंग माणसाने वर्षानुवर्षं निवड करून आखूड आणि गोल केलंय, आत सगळे अवयव दाटीवाटीने बसलेत. हे मासे वरचं खाणं गपागप घेताना हवा पण गिळतात. बुडणारे दाणे घ्या, मिनिटभर भिजवून घाला, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. ट्युबिफेक्सचे लाल किडे उघड्यावरच्या गटाराच्या पाण्यातून आलेले असतील तर घरात आणूच नका.

स्वतःची काळजी पण घ्या. फुगलेल्या, खंगलेल्या, जखमा असलेल्या माशांमध्ये कधी कधी माशांचा क्षय असतो, त्याचा जिवाणू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीत जातो आणि न भरणाऱ्या गाठी येतात. हाताला कापलेलं असेल तर ग्लोव्हज घाला, सायफनची नळी तोंडाने ओढू नका, मुलीला त्या टबात हात घालू देऊ नका.

वाचेल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. खवले उभे राहून आज तिसरा दिवस, खाणं बंद, तळाला बसलेला. माझ्याकडे या अवस्थेत आलेल्यांपैकी वाचलेले थोडेच, जास्त गेलेले. वाचले ते बहुतेक असे की ज्यांचं पाणी पहिल्याच दिवशी सुधारलं आणि जे तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाण्याकडे वळले. तुम्ही चार दिवस द्या. खवले थोडे जरी बसायला लागले, शी केली, टबमध्ये फिरायला लागला, तर दहा-बारा दिवस हेच चालू ठेवा आणि मग एप्सम हळूहळू कमी करा. पण आडवा पडून नुसते कल्ले हलवत असेल, डोळे बाहेर आलेत, अंगावर लाल चट्टे पसरलेत, तर त्याला तसाच ओढत ठेवू नका. लवंग तेल मेडिकलमध्ये मिळतं. बाटलीत थोडं कोमट पाणी घेऊन त्यात तेल घालून दुधासारखं होईपर्यंत हलवायचं, आधी थोडं ओतायचं, मासा झोपला की बाकीचं. एकूण लिटरला ०.४ मिली, म्हणजे साधारण ८ थेंब. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच ठेवायचा. संडासात फ्लश करायचा नाही, आणि जिवंत असताना "देवाच्या तळ्यात सोडू, जगला तर जगेल" म्हणून सिद्धेश्वर तलावात सोडायचा नाही, आजार घेऊन गेलेला मासा तिथल्या माशांनाही आजार देतो. कुंडीत किंवा झाडाखाली खोल पुरा.

आणि तशी वेळ आली तर पुरण्याआधी, मन घट्ट करता आलं तर, पोट उघडून बघा, किंवा माझ्याकडे घेऊन या, मी बघते. पिवळसर पाणी निघालं, पाठीच्या कण्याखालची गडद लाल पट्टी म्हणजे किडनी सुजलेली किंवा पाण्याच्या फुग्यांसारखी दिसली, लिव्हर फिक्की आणि तेलकट दिसली, यातलं काय दिसतं त्यावर बाकीच्या चौघांना काय करायचं ते ठरतं. किडनीला पाण्याचे फुगे असतील तर बाकीच्यांना औषध द्यायची गरज नाही, लिव्हर तेलकट असेल तर खाणं बदलायचं, नुसतं पाणी आणि लाल चट्टे असतील तर त्या चौघांवर दोन आठवडे रोज वरून नजर ठेवायची.

उद्या किट आणलं की अमोनिया, नायट्राइट, पीएच आणि पाण्याचं तापमान हे चार आकडे लिहून पाठवा, आणि माशाचा वरून काढलेला एक फोटो, फ्लॅश बंद ठेवून. त्यावरून पुढचं सांगते.